एक घर पुढे : सुलतान खान यांच्या एका डावाची हकीकत

१९३० सालच्या डिसेंबरअखेर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज या गावी नाताळची बुद्धिबळ स्पर्धा सुरू झाली. खेळाडू दहा, फेऱ्या नऊ. त्या दहांत एक होते क्यूबाचे होजे राऊल कॅपाब्लांका. १९२१ ते १९२७ ते जगज्जेते होते. १९१६ ते १९२४ अशी सलग आठ वर्षे या माणसाने स्पर्धेत एकही डाव गमावला नव्हता. दुसरे होते पंजाबातील मिठा टिवाणा या गावचे मीर सुलतान खान. विलायती नियमांचे बुद्धिबळ शिकून त्यांना जेमतेम पाच वर्षे झाली होती. या दोघांत डाव झाला आणि ६५ व्या चालीला कॅपाब्लांका यांनी हार मानली. त्या संपूर्ण स्पर्धेत ते हरले तो हा एकच डाव.

या विजयाबद्दल इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले. त्यातला बहुतेक मजकूर एकाच सुरात आहे : एक अनपढ नोकर, ज्याला डावाची सुरुवात कशी करावी हे ठाऊक नव्हते, तो केवळ देणगीच्या बळावर जगज्जेत्याला हरवून गेला. ही गोष्ट ऐकायला छान वाटते, पण ती कितपत खरी आहे? या लेखात मला त्या डावातील पाचव्या चालीविषयी लिहायचे आहे. चाल अगदी साधी. वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढचे प्यादे सुलतान खान यांनी एक घर पुढे सरकवले. या एका घराच्या मागे बराच इतिहास आहे.

त्या इतिहासात शिरण्याआधी आपल्या घरांत या खेळाकडे कसे पाहिले जाते, तेही सांगायला हवे. विदर्भातील मुस्लिम घरांत शतरंज हा शब्द फारसा चांगल्या अर्थाने उच्चारला जात नाही. रिकामटेकड्यांचा, घर बुडवणाऱ्यांचा खेळ अशीच त्याची ओळख. तिला प्रेमचंदांनी १९२४ मध्ये लिहिलेल्या शतरंजच्या खेळाडूंच्या कथेचाही हातभार लागला असावा. अवधचे राज्य जात आहे आणि मिर्झा व मीर बिसातीवरून उठत नाहीत, हे चित्र आपल्या मनात पक्के बसले आहे. सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये या कथेवर चित्रपट केला. त्यात एक प्रसंग असा आहे की या दोघांना इंग्रजांच्या खेळाची रीत समजावून सांगितली जाते : त्यांच्याकडे प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जाते, आणि आपल्या वजिराला ते राणी म्हणतात. तो प्रसंग पाहताना आपण हसतो, पण त्यात एका फार मोठ्या बदलाची नोंद आहे.

हा खेळ हिंदुस्थानातून इराणात गेला तेव्हा चतुरंगाचे चतरंग झाले आणि अरबांकडे पोहोचल्यावर शतरंज. त्याच वाटेने तो शब्दांची शिदोरी घेऊन परत आला. मराठी माणूस ‘शहाला काटशह’ म्हणतो, एखाद्यावर ‘मात’ करतो, प्याद्याचा ‘फर्जी’ झाला म्हणतो. यातले शह, मात, प्यादे, फर्जी, वजीर हे सगळे फारसी-अरबीतून आलेले शब्द आज मराठीचेच आहेत. उर्दूत ‘शातिर’ म्हणजे शतरंज खेळणारा, आणि शातिर म्हणजे कावेबाजही. खेळाची कीर्ती आणि बदनामी दोन्ही एकाच शब्दात आली.

अरबी ग्रंथकारांनी या खेळाला आणखी एक शब्द दिला, तो म्हणजे ‘तअबिया’. फौजेची मांडणी असा त्याचा अर्थ. जुन्या शतरंजमध्ये प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाई. वजीर तिरका एकच घर चाले, उंट दोन घरे उडी मारी. त्यामुळे दोन्ही फौजा समोरासमोर येण्यास पुष्कळ चाली लागत. तोपर्यंत आपले सैन्य कोणत्या आकारात उभे करायचे याचे ठरलेले नमुने होते आणि त्यांना नावेही होती. एकाचे नाव ‘मुजन्नह’, म्हणजे पंख असलेला. नवव्या शतकातील अल-अदली आणि दहाव्या शतकातील अस-सूली या बगदादच्या उस्तादांनी या मांडण्यांवर लिहिले. अस-सूली हे अब्बासी खलिफांच्या दरबारातले. त्यांनी मांडलेले एक कोडे जवळजवळ हजार वर्षे कोणालाही नीट सुटले नव्हते. आज रशियन आणि इंग्रजी पुस्तकांतही डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक स्थितीला ‘ताबिया’ असेच म्हणतात. म्हणजे डावाच्या सुरुवातीचे शास्त्र ही युरोपची मक्तेदारी नाही. ते शास्त्र आपल्याकडे होते, फक्त त्याची गती वेगळी होती.

युरोपात प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरांची मुभा मध्ययुगातच मिळाली होती. पंधराव्या शतकाच्या अखेरीस वजिराला आणि उंटाला लांब पल्ल्याची चाल मिळाली आणि खेळाचा वेगच बदलला. चार-सहा चालींत मात होऊ लागली, म्हणून पहिल्या दहा चालींचा अभ्यास जीवनमरणाचा ठरला. हिंदुस्थानाने वजीर आणि उंट यांचा हा नवा पल्ला स्वीकारला. प्याद्याचे एक घर मात्र सोडले नाही.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड या गावांतून हा देशी डाव पुढेही बराच काळ खेळला जाई. माझे नाना, म्हणजे आईचे वडील, दारव्ह्याला जिनिंगमध्ये मुकादम होते. कापसाचा हंगाम संपला की त्यांची कापडी बिसात ओट्यावर अंथरली जाई. त्यांचे नियम ठरलेले होते. प्यादे नेहमी एकच घर चालणार. इंग्रजी पद्धतीचे किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला साऱ्या डावात एकदाच, तेही शह बसण्यापूर्वी, घोड्याची उडी घेता येणार. प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की मनाला येईल ते मोहरे करता येत नाही, त्या पट्टीचा जो मालक तेच व्हायचे. समोरचा राजा एकटा उरला तर ती बुर्जी, त्यात पूर्ण जिंकल्याचा मान नाही. आणि प्याद्याने दिलेली मात, प्यादेमात, सर्वांत मानाची. हे रिवाज गावागणिक थोडे बदलत, पण प्याद्याचे एक घर कुठेही बदलत नसे. नाना म्हणत, ‘‘ज्याला वीस चाली दम धरवत नाही त्याने बिसात अंथरू नये.’’

अशा खेळात वाढलेला खेळाडू घाई करत नाही. तो आधी आपल्या प्याद्यांची भिंत बांधतो, समोरच्याने यायची घरे एकेक करून बंद करतो, आणि शेवटच्या टप्प्यात, जेव्हा मोहरे थोडे उरतात, तेव्हा तो सर्वांत धोकादायक असतो. सुलतान खान यांच्या खेळाचे वर्णनही टीकाकार जवळपास याच शब्दांत करतात : मधला डाव मजबूत, शेवटचा डाव उत्कृष्ट. सुरुवातीबाबत मात्र ते ‘अज्ञान’ हा शब्द वापरतात.

येथे कलकत्त्याची एक जुनी आठवण उपयोगी पडेल. १८५० च्या आसपास तेथे जॉन कॉक्रन नावाचे स्कॉटिश बॅरिस्टर होते, त्या काळच्या उत्तम खेळाडूंपैकी एक. त्यांच्याशी मोहेशचंद्र बॅनर्जी नावाचे एक बंगाली गृहस्थ नियमित खेळत. बॅनर्जी देशी पद्धतीत मुरलेले. ते पटाच्या मध्यावर प्यादी दामटण्याऐवजी घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवून त्या घरात उंट बसवत आणि दुरून मारा करत. कॉक्रन यांनी हे डाव टिपून इंग्लंडला पाठवले. पुढे अशा पद्धतीच्या बचावांना ‘इंडियन’ हे नाव पडले आणि आज किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन ही नावे जगभर चालतात. युरोपच्या पंडितांनी ही पद्धत आधी विचित्र म्हणून बाजूला ठेवली. १९२० च्या दशकात निम्झोविच आणि त्यांच्या पिढीने तीच पद्धत नवे शास्त्र म्हणून पुढे आणली. प्याद्याचे तेच एक घर, पण मान मिळायला सत्तर वर्षे लागली.

आता सुलतान खान यांच्याकडे येऊ. त्यांचा जन्म १९०३ किंवा १९०५ चा. नवव्या वर्षी वडिलांकडून ते देशी डाव शिकले. टिवाणा घराण्याचे मोठे जमीनदार सर उमर हयात खान यांनी त्यांना आश्रय दिला आणि १९२६ च्या सुमारास विलायती नियम शिकवण्याची व्यवस्था केली. १९२८ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा सुलतान खान यांनी जिंकली; नऊ डावांत आठ विजय आणि एक बरोबरी. १९२९ मध्ये सर उमर हे लंडनला भारतमंत्र्यांच्या कौन्सिलवर गेले आणि सुलतान खान त्यांच्याबरोबर.

लंडनला गेल्यावर पहिल्या सरावाच्या स्पर्धेत ते तळाशी राहिले. विंटर आणि येट्स या दोन इंग्रज खेळाडूंनी त्यांना सुरुवातीच्या चालींचे धडे दिले. त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे सुलतान खान ब्रिटिश साम्राज्याचे विजेते झाले. तळापासून माथ्यापर्यंतचा प्रवास काही महिन्यांचा. १९३२ आणि १९३३ मध्ये त्यांनी हा किताब पुन्हा मिळवला. १९३० मध्ये बेल्जियममधील लिएज येथे ते तार्ताकोव्हर यांच्या मागे दुसरे आले आणि १९३१ मध्ये त्याच तार्ताकोव्हर यांना त्यांनी सामन्यात हरवले. हॅम्बुर्ग, प्राग आणि फोकस्टन या तीन ऑलिंपियाडमध्ये ते इंग्लंडच्या संघाच्या पहिल्या पटावर बसले. १९३१ च्या प्रागमध्ये रुबिनस्टाइन आणि फ्लोर यांच्यावर विजय, आणि तेव्हाचे जगज्जेते अलेखिन यांच्याशी बरोबरी. हे सगळे तापाने, सर्दीने, घशाच्या दुखण्याने बेजार असताना. विलायतेची ओली थंडी त्यांना कधीच मानवली नाही; कित्येकदा ते गळ्याला पट्टी गुंडाळून पटावर बसत.

हेस्टिंग्जचा डाव या काळातला. पांढरी मोहरी सुलतान खान यांची. पहिल्या चार चालींत त्यांनी दोन्ही घोडे बाहेर काढले आणि वजीर व वजिराच्या उंटापुढची प्यादी दोन-दोन घरे पुढे केली. कॅपाब्लांका यांनी घोड्यापुढचे प्यादे एक घर सारून तिथे उंट बसवला. म्हणजे बचाव क्वीन्स इंडियन. क्यूबाचा माणूस ‘हिंदी’ बचाव खेळत होता आणि हिंदुस्थानचा माणूस त्यावर चाल करून जात होता. योगायोगाच्या अशा गमती इतिहासात पुष्कळ सापडतात.

पाचव्या चालीला सुलतान खान यांनी हत्तीपुढचे प्यादे एक घर पुढे केले. अर्थ सरळ आहे : काळ्याच्या दुसऱ्या उंटाने पुढे येऊन आपल्या घोड्याला जखडू नये म्हणून त्याचे घर आधीच बंद करायचे. आक्रमण नाही, नवे मोहरे बाहेर काढणे नाही. ‘मोहरी भराभर बाहेर काढा, प्याद्यांच्या चालींत वेळ घालवू नका’ हा पहिल्या इयत्तेचा धडा गिरवणाऱ्याला ही चाल वेळ दवडणारी वाटेल. पण कॅपाब्लांका यांनी मध्यावर प्यादे आणले, सुलतान खान यांनी ते मारले, कॅपाब्लांका यांनी प्याद्याने परत मारले, आणि त्यामुळे त्यांच्याच प्याद्याने त्यांच्या उंटाची तिरकी वाट अडली. पुढे बाराव्या चालीला सुलतान खान यांचा घोडा उडी मारून आत शिरला आणि त्याने काळ्याच्या दुसऱ्या, चांगल्या उंटाशी अदलाबदल केली. मग राजाकडची प्यादी पुढे सरकू लागली, घोड्याला हुसकत, जागा बळकावत.

कॅपाब्लांका यांनी दोन्ही हत्ती मधल्या मोकळ्या पट्टीवर आणले आणि एकविसाव्या चालीला थेट पांढऱ्याच्या पहिल्या ओळीत शह दिला. सुलतान खान यांनी राजा एक घर पुढे घेतला. सबंध डावात त्यांनी किल्लेकोट केलाच नाही. राजा मध्यावर उभा राहून चालत राहिला. पुढच्या चालीला दुसऱ्या हत्तीचा शह. तेव्हा सुलतान खान यांनी आपला वजीर देऊन बदल्यात काळ्याचे दोन्ही हत्ती घेतले. आता एकीकडे वजीर, दुसरीकडे दोन हत्ती. मोकळ्या पटावर वजीर असा नाचतो की समोरच्याला पळता भुई थोडी होते. पण या पटावर प्याद्यांच्या भिंती होत्या आणि काळ्या वजिराला धावायला रस्ता नव्हता. तो आत घुसून बसला आणि तेथेच कोंडत गेला. येथून पुढे चाळीस चाली सुलतान खान यांनी घाई न करता एकेक घर आवळत नेले. ६५ व्या चालीला डाव संपला. स्पर्धेत नऊपैकी सात गुण मिळवून ओयवे पहिले आले, साडेसहा गुणांचे कॅपाब्लांका दुसरे आणि सुलतान खान तिसरे. हा एक डाव नुसता बरोबरीत सुटला असता तरी कॅपाब्लांका पहिल्या स्थानाचे वाटेकरी झाले असते.

पाचव्या चालीची गोष्ट मात्र तेथे संपत नाही. १९६३ ते १९६९ या काळात जगज्जेते असलेले तिग्रान पेत्रोस्यान यांनी हीच चाल आपले हत्यार केली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तरुण गॅरी कास्पारोव्ह यांनी तिच्या जोरावर एकामागून एक डाव मारले. हेस्टिंग्जच्या त्या डावातील पाचव्या चालीनंतरची स्थिती आणि आजच्या पुस्तकांत पेत्रोस्यान यांच्या नावाने छापली जाणारी स्थिती हुबेहूब एक आहे. सुलतान खान यांनी ही चाल प्रथम शोधली, असे माझे म्हणणे नाही. ती त्यांना देशी डावाच्या सवयीतून सुचली की लंडनच्या शिकवणीतून, हेही ठामपणे म्हणता येणार नाही. म्हणणे एवढेच आहे की ज्या खेळाडूला सुरुवातीचे ‘अज्ञान’ होते असे लिहिले गेले, त्याच्या पटावर १९३० मध्ये ती स्थिती उभी होती जी पुढे अर्ध्या शतकाने जगातील सर्वोत्तम खेळाडूंनी मुद्दाम निवडली. चाल तीच असताना एका नावापुढे ती शास्त्र ठरते आणि दुसऱ्या नावापुढे भोळेपणा.

हाच प्रश्न ‘अनपढ’ या शब्दाचाही आहे. अमेरिकन खेळाडू रूबेन फाईन यांनी लिहून ठेवले आहे की १९३३ मध्ये सर उमर यांनी अमेरिकन संघाला घरी जेवायला बोलावले तेव्हा सुलतान खान वाढपी म्हणून वावरत होते आणि ज्या माणसासाठी आपण आलो तोच आपल्याला वाढतो आहे हे पाहून पाहुणे ओशाळले. या एका प्रसंगावर ‘नोकर’ ही ओळख उभी राहिली. डॅनियल किंग यांनी २०२० मध्ये सुलतान खान यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्याच्या उपशीर्षकातही ‘हिंदी नोकर’ असेच शब्द आले. त्यावर सुलतान खान यांच्या नात डॉ. अतियाब सुलतान यांनी जाहीर हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की आजोबा निरक्षर नव्हते, नोकरही नव्हते. ते जमीन बाळगून असलेल्या धार्मिक घराण्यातले होते आणि सर उमर यांच्याशी त्यांचे नाते आश्रयदाता आणि खेळाडू असे होते.

दोन्ही बाजू नीट तपासायला हव्यात. आश्रयदात्याच्या मर्जीवर सुलतान खान यांचे सारे खेळणे अवलंबून होते हे नाकारता येत नाही. सर उमर मायदेशी निघाले आणि त्यांची कारकीर्द तेथेच थांबली. परंतु इंग्रजी न येणे म्हणजे निरक्षर असणे नव्हे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. हा फरक मला रोज समजावून सांगावा लागतो. तालुक्याच्या एका शालेय स्पर्धेत आमच्या मुलांना पाहून एका संयोजकांनी विचारले होते, ‘‘यांना चाली लिहिता येतील ना?’’ मुलांनी चाली लिहिल्या; आकडे आणि अक्षरे डावीकडून उजवीकडेच लिहिली. उर्दूत शिकलेले मूल मराठीत, इंग्रजीत चाचपडते तेव्हा ते चाचपडणे भाषेचे असते, बुद्धीचे नव्हे. पण एकदा शिक्का बसला की पुढे त्या मुलाने काहीही करून दाखवले तरी लोक त्याला ‘देणगी’ म्हणतात, अभ्यास म्हणत नाहीत. सुलतान खान यांच्याबाबत तेच झाले. स्वतः कॅपाब्लांका यांनी पुढे त्यांच्या प्रतिभेची खुल्या दिलाने कबुली दिली. पण प्रतिभेचे कौतुक करताना त्यामागची परंपरा दिसेनाशी होते. सुलतान खान आकाशातून पडले नव्हते. त्यांच्यामागे गावोगावच्या ओट्यांवरचे उस्ताद होते आणि त्या उस्तादांमागे हजार वर्षांचा तअबिया होता.

त्याच टिवाणा घरात आणखी एक व्यक्ती होती, तिच्याबद्दल तर आपण जवळजवळ काहीच बोलत नाही. मिस फातिमा. १९३३ मध्ये हेस्टिंग्जलाच झालेल्या ब्रिटिश महिला स्पर्धेत या तरुणीने अकरापैकी दहा डाव जिंकले आणि एक बरोबरीत सोडवला. त्याच वर्षी पुरुषांचा किताब सुलतान खान यांच्याकडे होता. म्हणजे साम्राज्याचे दोन्ही मुकुट एकाच हिंदुस्थानी घरात. डिसेंबर १९३३ मध्ये सर उमर हिंदुस्थानात परतले तेव्हा त्यांच्याबरोबर हे दोघेही परतले. पुढे कितीतरी वर्षांनी फातिमाबाईंनी सांगितले की परत आल्यावर सुलतान खान यांना तुरुंगातून सुटल्यासारखे वाटले होते. फातिमाबाई स्वतः मात्र पुन्हा कोणत्याही मोठ्या स्पर्धेत दिसल्या नाहीत.

परतल्यावर १९३५ मध्ये सुलतान खान यांचा एक सामना झाला. प्रतिस्पर्धी होते व्ही. के. खाडिलकर, एक मराठी खेळाडू. दहा डावांत खाडिलकरांना एक बरोबरी मिळाली, बाकीचे डाव सुलतान खान यांनी जिंकले. मराठी वाचकाला ही हार खटकेल, पण मला तिच्यात एक मोठी गोष्ट दिसते. ज्याच्याशी खेळायला युरोपचे विजेते कचरत, त्याच्यासमोर दहा वेळा बसणारा खेळाडू मराठी होता. यानंतर सुलतान खान स्पर्धेच्या जगातून नाहीसे झाले. शेतीवाडी पाहिली, मुले वाढवली. २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोधा येथे त्यांचे निधन झाले.

जागतिक बुद्धिबळ महासंघाने ग्रँडमास्टर हा किताब १९५० मध्ये सुरू केला. रुबिनस्टाइन यांच्यासारख्या खेळणे सोडून दिलेल्या जुन्या खेळाडूंनाही तो दिला. सुलतान खान यांना दिला नाही. तो मिळाला फेब्रुवारी २०२४ मध्ये, मरणानंतर ५७ वर्षांनी, सन्मान म्हणून. महासंघाच्या अध्यक्षांनी इस्लामाबादला जाऊन तो पाकिस्तानच्या तेव्हाच्या काळजीवाहू पंतप्रधानांच्या हाती दिला. बातम्यांत ‘पाकिस्तानचे पहिले ग्रँडमास्टर’ असा उल्लेख आला.

आठवीच्या वर्गात हा डाव फळ्यावर मांडला तेव्हा एका मुलाने हळूच विचारले, ‘‘मॅडम, मग ते आपले की त्यांचे?’’ आपल्या मुलांना असे प्रश्न हळूच विचारावे लागतात, हेही ध्यानात घ्यावे. इतिहासाच्या शिक्षिकेला याचे उत्तर तारखांनी द्यावे लागते. १९२८ मध्ये ते अखिल भारतीय विजेते झाले. १९२९ ते १९३३ या काळात खेळले तेव्हा वृत्तपत्रे त्यांना हिंदी खेळाडू म्हणत. संघ इंग्लंडचा, राज्य ब्रिटिशांचे. पाकिस्तान झाले तेव्हा त्यांना पट सोडून बारा वर्षे होऊन गेली होती. गाव तिकडे, म्हणून माणूस तिकडे. त्यांचा डाव कुणा एका देशाच्या मालकीचा नाही. ज्याला तो समजेल त्याचा तो आहे. अस-सूलीचा तअबिया जसा आपला झाला आणि बॅनर्जींचा बचाव जसा कॅपाब्लांकांचा झाला, तसाच.

या खेळाने नंतर आपल्याकडे चांगले दिवस पाहिले. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी १९७४ पासून दशकभर राष्ट्रीय महिला स्पर्धेवर राज्य केले. रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. भोपाळचे सुतारकाम करणारे मोहम्मद रफीक खान यांनी १९८० च्या माल्टा ऑलिंपियाडमध्ये आपल्या पटावर रौप्यपदक मिळवले. आणि आमच्या विदर्भाच्या नागपूरची दिव्या देशमुख २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे, वयाच्या १९ व्या वर्षी, कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक घेऊन आली आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. ती बातमी आली त्या आठवड्यात आमच्या शाळेतील चार मुलींनी कपाटातला बुद्धिबळाचा डबा मागितला. त्यात दोन प्यादी कमी होती. त्यांच्या जागी त्यांनी खडूचे तुकडे ठेवले.

मुली अजून शिकत आहेत. दोन घरांची धाव त्यांना जास्त आवडते, आणि तेच स्वाभाविक आहे. मी त्यांना एवढेच सांगते की प्याद्याला दोन घरांची मुभा आहे, सक्ती नाही. एक घर कधी पुढे करायचे हे कळायला जास्त अभ्यास लागतो. आणि त्या अभ्यासाला कोणी अज्ञान म्हणाले तर वाद घालत बसू नये. चाली व्यवस्थित लिहून ठेवाव्यात. सुलतान खान यांचा तो डाव चालीचालीने नोंदलेला राहिला, म्हणूनच आज आपण त्यांच्या बाजूने दोन शब्द बोलू शकतो.